आबा, हवा सोडा!

"हवा सोडू नका रं! ए निळा शर्ट! चेनला हात लावायचा नाही! हवा सोडू नका!"

मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. माझा आवाज मुळात असा, की साताऱ्यात शिंकलो तर मेढ्याच्या डोंगरात म्हशी बुजतात. इस्लामपूरजवळच्या त्या सगळ्या उसात तो घुमला, आणि घुमून माघारी यायच्या आत माझा किल्ला खाली बसला.

बसला म्हणजे काय, तर चारी बुरुज माना टाकून एकमेकांच्या गळ्यात पडले. आत पोरं होती. आम्ही मोठी माणसं धावलो, भिंत वर उचलून धरली आणि एकेकाला बाहेर काढलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. उलट पोरं खिदळत होती, "परत करा, परत करा!" मी मात्र पोरं दोनदा मोजली.

माझा धंदा जंपिंगचा. वाढदिवस, बारसं, जत्रा, जिथं पोरं तिथं आमचा हवेचा किल्ला. लोकांना वाटतं, फुगा फुगवून गाठ मारल्यासारखं हे काम. तसं नाही. किल्ल्याच्या शिवणीतून हवा सारखी बाहेर जात असते आणि ती जायलाच पाहिजे, नाहीतर कापड फाटेल. म्हणून एका अंगाला मोठा पंखा लावलेला असतो, त्याला ब्लोअर म्हणतात. पोरं आत असेपर्यंत तो बंद पडता कामा नये. मागच्या बाजूला एक चेन असते. काम संपलं की ब्लोअर बंद करायचा, चेन उघडायची, हवा भसाभसा बाहेर जाऊ द्यायची. याला आमच्या धंद्यात 'हवा सोडणे' म्हणतात. हे शब्द नीट ध्यानात ठेवा. मी ठेवले होते, तरी माझे हे हाल झाले.

तर निळ्या शर्टाचा पोरगा चेनीशी खेळताना दिसला म्हणून मी ओरडलो. किल्ला बसल्यावर मागं पळत जाऊन बघतो तर चेन बंद. गच्च बंद. मग हवा गेली कुठून?

तेवढ्यात यजमान पुढं आले. रिटायर्ड सुभेदार. नातवाचा पाचवा वाढदिवस होता. मिशा अशा, की दोन्ही टोकांना दोन पाकोळ्या बसल्या असत्या आणि सुभेदारांना कळलं नसतं. ते पोरांवर कडाडले, "हवा सोडा म्हणून कुणी सांगितलं तुमाला? आं? हवा सोडा म्हणून?"

आणि किल्ला उठायला लागला.

मी बघतच राहिलो. आधी एक बुरूज, मग दुसरा, मग कमान. छाती काढून सरळ उभा. सुभेदार माझ्याकडं वळून म्हणाले, "बघितलंत? डिसिप्लिन."

मी पंख्याकडं गेलो. तिथं आबा बसले होते. आबा सुभेदारांचे जुने पाटकरी, म्हणजे उसाला पाणी देणारे. सकाळी मी म्हटलं होतं, ब्लोअरपाशी एक खात्रीचा माणूस लागतो, तर सुभेदारांनी यांनाच दिलं. "आबा बसतील. पाण्याच्या बारीला बसले तर साप आला तरी उठत न्हाईत." मी आबांना बटण दाखवलं, पंख्याच्या नळीचा पट्टा दाखवला आणि सांगितलं, मी म्हणेन तसं करायचं, दुसऱ्या कुणाचं मनावर घ्यायचं नाही. आबांना ऐकायला जरा कमीच यायचं. त्यात शेजारी जनरेटर असा धडधडत होता, की पंखा चालू आहे का बंद, हे कान लावूनही कळलं नसतं. मी बघितलं तेव्हा पंखा चालू होता.

"आबा, काय झालं मघाशी?"

"काय न्हाई. तुमी सांगितलं तसं केलं."

"शाब्बास," मी म्हणालो.

हो. मी शाब्बास म्हणालो.

माझा मेव्हणा धनाजी माझ्यासोबत असतो. टेंपो चालवतो आणि किल्ला गुंडाळताना त्यावर लोळतो. हवा बाहेर काढायला त्याच्याइतकं चांगलं यंत्र बाजारात मिळत नाही. जेवायला बसला की पंगतीतला वाढपी रजा मागतो, अशी तब्येत. तो म्हणाला, "दाजी, कापड जुनं झालंय. न्हायतर कायतरी बाहेरचं हाय." मी पोरांना आत सोडायच्या आधी सगळ्या शिवणी हाताने चाचपल्या. काही नाही. मग जेवणं होईपर्यंत किल्ला शहाण्यासारखा उभा राहिला.

खरी गोष्ट पुढंच आहे. मला तिथून मिरजेला जायचं होतं. इलियासभाई म्हणून तंबोरे बनवणारे कारागीर आहेत, त्यांच्या आफरीनचा वाढदिवस. किल्ला माझ्याकडं एकच. आणि त्यांच्या गल्लीत रात्री एक वरात येणार होती, तिच्याआधी जागा मोकळी करून द्यायची होती. म्हणजे उशीर झाला की त्या पोरीचं उडणं गेलं. तिने वर्गातल्या सगळ्यांना सांगून ठेवलेलं, आमच्या दारात किल्ला येणार. दुपारपासून तिचे फोन.

मी पोरांना बाहेर काढलं आणि हाक दिली, "आबा, बास! आता बंद!" पंखा बंद झाला. किल्ला बसला. मी चेन उघडली. खुंट्या उपटल्या. मग आम्ही कापडाच्या दोन्ही कडा आत दुमडल्या आणि पुढच्या टोकाकडून पंख्याच्या दिशेने गुंडाळायला सुरुवात केली. असं गुंडाळलं की चेन घडीत दबते, उरलेली हवा पुढं पुढं सरकते आणि शेवटी पंख्याच्या नळीपाशी येऊन अडते. तिथल्या माणसाने नळीचा पट्टा सैल केला, की काम झालं. निम्मं गुंडाळून झालं. धनाजी वर आडवा पडला होता. मी ओरडलो, "आबा, हवा सोडा!"

धनाजी वर गेला.

मी खोटं बोलत नाही. आमचा धनाजी, ज्याला बघून टेंपोचे टायर हाय खातात, तो गुंडाळीसकट हवेत उठला. मला खालून त्याचे तळपाय दिसले आणि पायांच्या मधून साखर कारखान्याची चिमणी दिसली.

"आबा, सोडा! हवा सोडा!"

"सोडलीया! सगळी सोडलीया!" पलीकडून आबांचा आवाज.

"अवं मेलो! थांबवा! बंद करा!" धनाजी बोंबलला. त्याबरोबर किल्ला खाली बसला आणि धनाजी त्यात गडप झाला.

आम्ही त्याला उकरून काढला. तो म्हणाला, "दाजी, मी मिरजेला चालत येतो, पन त्येच्यावर झोपत न्हाई."

फोन वाजला. आफरीन.

"चाचा, किल्ला निघाला का?"

"निघतोय बेटा. पण तो आडवाच होत नाही बघ."

"मग उभाच आणा की."

फोन ठेवला. डोळ्यांपुढं टेंपोवर उभा किल्ला आणि विजेच्या तारांना अडकलेले बुरुज आले. तोवर सुभेदारांनी मोहीम हातात घेतली. म्हणाले, एकट्याचं वजन पुरत नाही, फौज लागेल. त्यांनी घरातल्या सगळ्या बायकांना हाका मारल्या. बहिणी, वहिन्या, सुना, व्याहीणबाई. सगळ्या जरीच्या साड्यांत, हातात पान. "चपला काढा! रांगेत! बसा!" बसल्या बिचाऱ्या. गुंडाळी चपटी झाली. मला हुरूप आला. मी म्हटलं, आता जाते कुठं. आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "आबा! हवा सोडा!"

ती रांग जी उठली! एका टोकाला व्याहीणबाई चढल्या, दुसऱ्या टोकाला मोठ्या वहिनी उतरल्या, मधल्या सगळ्या एकमेकींच्या मांडीवर. व्याहीणबाई वरून विचारत होत्या, "अगं, मी कुठं चालले?" सुभेदारांच्या बहिणीने मोठ्याने देवाचं नाव घेतलं. सुभेदार ओरडले, "हॉल्ट! बंद!" सगळ्या धाडकन खाली. धनाजी उसाच्या बांधावर उभा राहून म्हणत होता, "मी सांगितलं हुतं, बाहेरचं हाय. उतारा टाका!"

आता माझंही डोकं चालेना. हवा सोडली की किल्ला फुगतो. सोडू नका म्हटलं की बसतो. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी उलटा किल्ला बघितला नव्हता. उन्हं उतरत होती. मी तडक पंख्यापाशी गेलो. आबा तसेच, बटणावर बोट ठेवून बसलेले. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि त्यांच्या कानाशी, सावकाश म्हटलं, "आबा. हवा सोडा."

आबांनी माझ्याकडं बघत बटण खाली दाबलं. पंखा सुरू झाला. मागं अजून गुंडाळीवरच बसलेल्या बायका किंचाळल्या.

"आबा! ही चालू केली तुम्ही!"

"मग? सोडली."

"अहो, सोडा म्हणजे बाहेर जाऊ द्या! बंद करा ते!"

आबांनी बंद केलं. मग माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच उसात वाट चुकलोय. "आवं, पाणी सोड म्हनलं की मी मोटर चालू करतो. जल्मभर त्येच केलं. सोडू नको म्हनलं की बंद करतो. तुमी हवा सोड म्हनला, मी हवा सोडली."

मी खालीच बसलो. सकाळचं सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी पोरांना म्हणालो 'हवा सोडू नका' आणि आबांनी इमानाने पंखा बंद केला. सुभेदार पोरांवर खेकसले, जनरेटरच्या आवाजात आबांना त्यातलं 'हवा सोडा' एवढंच ऐकू आलं, आवाज माझाच वाटला, आणि त्यांनी पंखा चालू केला. डिसिप्लिन म्हणे.

मी स्वतः नळीचा पट्टा काढला. किल्ला फुस्स करून असा झोपला, की जणू दिवसभर त्यालाही हेच हवं होतं. कशीबशी गुंडाळी केली, टेंपोत कोंबली. एक बुरूज बाहेरच राहिला. मिरजेपर्यंत तो मागच्या गाड्यांना हात करत आला.

गल्लीत पोहोचलो तेव्हा पोरं पायरीवर ओळीने बसली होती. आफरीन मधे. तिने टेंपो बघितला, बाहेर लोंबणारा बुरूज बघितला आणि मैत्रिणीला म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" वरातीचा बँड कोपऱ्यावर वाजेपर्यंत ती उडत होती. एकदाही खाली उतरली नाही.

बँड जवळ यायच्या आत किल्ला उतरवताना मी इलियासभाईंना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. कारागीर माणूस, शब्दाचा विचार करत राहिले. म्हणाले, "आमच्यात तार सोडली म्हणजे सैल केली. तुमचं बरोबर आहे." म्हणजे मिरजेत माझं बरोबर आणि इस्लामपुरात चूक. एकाच जिल्ह्यात. तेव्हापासून मी ब्लोअरवरच्या माणसाशी दोनच शब्द बोलतो, 'चालू' आणि 'बंद'. बाकीची हवा मी स्वतः जाऊन काढतो.

पुढच्या आठवड्यात विसरलेली ताडपत्री आणायला सुभेदारांच्या मळ्यात गेलो. आबा पाणी पाजत होते. मी म्हटलं, "आबा, खरं सांगा. दिवसभर तो किल्ला उठत होता, बसत होता, धनाजी वर गेला, व्याहीणबाई वर गेल्या. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की विचारावं हे काय चाललंय?"

आबांनी खोऱ्याने एक सरी फोडली, दुसरी बुजवली आणि म्हणाले, "मला वाटलं, खेळच तसा आसंल."