शेरू कसा आहे?

माझ्या पोटरीतून रक्त वाहत होतं आणि मालगुजारीणबाई जखमेवर वरून तिखट सोडत होती. हातभर अंतरावरून, चिमटीनं. आम्हा बौद्धांच्या बायकांना पाणीही ती असंच वरून वाढायची. त्या दिवशी औषधही तसंच मिळालं.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. भाताचा रोवणा, म्हणजे लावणी चालू होती, मी त्यांच्याच बांधीत, भाताच्या खाचरात, मजुरीला होते. त्यांचा कुत्रा शेरू सुटला आणि मला चावला. समोर विहीर तुडुंब भरलेली.

मी म्हटलं, "बाई, बादलीभर पाणी द्या. पाय धुवाचा हाये."

"पाण्यानं जहर चढते. अन् विहिरीजवळ नोको येऊ."

आई मला लाखनीला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं पहिल्यांदा हेच विचारलं, साबण-पाण्यानं धुतलं का? आई म्हणाली, "पाणी नाही भेटलं, तिखट टाकलं." त्यानं पाय नळाखाली धरायला लावला, रगडून धुतला. मी किंचाळले.

"कुत्रा पाळलेला आहे ना? दहा दिवस नजर ठेवा. पिसाळला किंवा मेला, तर त्याच दिवशी भंडाऱ्याला जा, पोटात सुया घ्या. एकदा रोग चढला की पाणीही गिळवत नाही, मग इलाज नाही."

नजर कशी ठेवणार? कुत्रा त्यांच्या आवारात. आमचे हात त्यांच्या बांधीत चालायचे, पाय फाटकाच्या आत चालत नव्हते.

रोज सकाळी मी फाटकाबाहेरून विचारायचे, "बाई, शेरू कसा हाये?"

"मस्त हाये. भात खाऊन राहिला."

मी तशीच रोवण्याला जायचे. घरी लोटा तोंडाला लावला की आई माझ्या गळ्याकडे बघत बसायची. घोट उतरला की मगच तिच्या जिवात जीव यायचा. मला पाण्याची नाही, त्या बाईच्या शब्दाची भीती वाटायची. बाबा म्हणायचा, "मोठे लोकं खोटं कायले बोलतीन?"

मग एका सकाळी फाटकाबाहेर जीप उभी दिसली. मालगुजाराची धाकटी पोर आत बसून रडत होती. "मा, आजबी पोटात सुई देतीन का?"

आजबी! म्हणजे सुया आधीपासूनच चालू होत्या.

"बाई, शेरू कसा हाये?"

"झोपला हाये."

मी फाटक ढकललं आणि आत गेले. साखळी रिकामी पडली होती. गोठ्यामागं ताजी माती ओढलेली.

"अवो, बाटवलं घर!" ती ओरडली. मग हळूच म्हणाली, "रोवना अर्धा रायला होता. म्हणून नाही सांगतलं."

एवढंच. त्यांच्या पोरांना सुया, आणि मला चिखल. मी बाहेर आले आणि सरळ जीपमध्ये जाऊन बसले, त्या पोरीच्या शेजारी.

"उतर!"

"नाही उतरत. भंडाऱ्यालेच जाऊन राहिली नं जीप?"

ड्रायव्हर मालकिणीकडे बघत राहिला. मी दांडा धरून बसले. शेवटी जीप निघाली.

पोटात सुया घेतल्या. जगले. तेव्हापासून माझ्या जिवाची खबर मी कुणाच्या फाटकाबाहेर उभी राहून विचारत नाही. आत जाते आणि स्वतः बघते. ज्याचं घर बाटेल, त्यानं ते धुऊन घ्यावं. विहीर त्याचीच आहे.