वस्तरा खाली ठेवणार नाही

त्याला सगळा रस्ता 'रेडिओ' म्हणायचा. न्हाव्याने बडबड करायची ही जगाची रीतच, पण रेडिओची बडबड ऐकायला दाढी न वाढलेली माणसंही दुकानात येऊन बसत. भिंतभर आरसा, आरशापुढच्या फळीवर तुरटी, ब्रश आणि पावडरचे डबे, आणि समोर दोन खुर्च्या. एक त्याची, एक धाकट्या भावाची. मागच्या बाकड्यावर पेपर वाचणाऱ्या फुकट्यांची कायमची वस्ती.

असा हा रेडिओ बंद पडला. हळूहळू पडला, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. आधी किस्से आटले, मग भूक गेली, मग झोप उडाली. हात तेवढे चालू होते. गिऱ्हाइकं म्हणाली, चला, पोक्तपणा आला एकदाचा! घरी मात्र तो बायकोला म्हणाला, "सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले?"

बायकोने ह्याचं कशात मन लागत नाही, एवढंच घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या कानावर घातलं. बाकीच्यांना फक्त सल्ले सुचले. शेजारचा घड्याळजी म्हणाला, "अरे, तुला कमी काय आहे? बायको सोन्यासारखी, धंदा जोरात." जणू हा आजार आधी घरातली भांडीकुंडी तपासतो आणि मग आत यायचं की नाही ते ठरवतो! धाकट्याने चार दिवस फिरून यायला सांगितलं. वडिलांनी तर निकालच देऊन टाकला, "आपल्या घराण्यात असली नाटकं कुणी केली नाहीत. कामात मन घाल." हे दुकान बाबांनीच उभं केलेलं. रेडिओला वस्तरा शिकवताना पहिला गाल त्यांनी स्वतःचा पुढे केला होता, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

शेवटी बायकोने कुणालाही न विचारता त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, बोलायला येत राहा म्हणाल्या. गुण यायला काही आठवडे लागतील आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हेही बजावलं. पण जरा बरं वाटू लागताच घड्याळजी कानाशी लागला, "सवय लागेल हं!" रेडिओने गोळ्या परस्पर बंद केल्या आणि पुन्हा तोंडावर आपटला. तेव्हा मात्र त्याने कानाला खडा लावला. गोळ्यांचं पाकीट सरळ दुकानाच्या फळीवर, तुरटीच्या शेजारी ठेवलं आणि रोज सगळ्यांदेखत गोळी घेऊ लागला.

यथावकाश रेडिओ पुन्हा वाजू लागला. कुणी दुसराच माणूस झाला नाही, होता तोच परत आला. सगळे खूश होते. मग आजवर ह्या झोपेच्या गोळ्या समजत आलेल्या घड्याळजीने एकदा ते पाकीट उचललं, मोबाइलवर नाव शोधलं आणि खुर्चीत बसता बसता ताडकन उठला.

"ही डोक्याची गोळी? आणि हातात वस्तरा?"

रस्त्याला तेवढं पुरलं. धाकट्याच्या खुर्चीपुढे रांग आणि रेडिओची खुर्ची रिकामी.

"दादा, तू नुसती कात्री धर," धाकटा हळूच म्हणाला. "वस्तरा मी सांभाळतो. आणि ते पाकीट घरी ठेव."

"ताप आला की तू गोळी लपवून खातोस का रे?"

धाकट्याने मग बाबांना बोलावून आणलं. दुकान भरलेलं होतं. बाबा दारातूनच म्हणाले, "लोक घाबरतात. थोडे दिवस वस्तरा खाली ठेव."

रेडिओला राग आला. कित्येक महिन्यांनी आला आणि त्याला तो चक्क आवडला.

"बाबा, मी आजारी होतो तेव्हा ह्या सगळ्यांच्या दाढ्या मीच करत होतो. जगणं नको झालं होतं मला. तरी कुणाच्या गळ्यावर ओरखडा उठला? आजार माझ्या जिवावर उठला होता, ह्यांच्या नाही! तेव्हा कुणी भ्यालं नाही. आता औषध घेऊन बरा झालो, तर भ्यायला लागले?" तो घड्याळजीकडे वळला. "आणि तुम्ही हो, बंद पडलेल्या घड्याळाला 'मन घट्ट कर' म्हणून परत पाठवता का?"

बाकड्यावर कुणीतरी फिसकन हसलं. घड्याळजी पेपरात तोंड खुपसून बसला.

"वस्तरा खाली ठेवणार नाही. पाकीटही इथेच राहील. ज्याला बसायचं तो बसेल."

बाबा दारातून आत आले. जगणं नको झालं होतं, हे त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं. मग त्यांनी चष्मा काढला, फळीवर त्या पाकिटाशेजारी ठेवला आणि रिकाम्या खुर्चीत बसून मान मागे टाकली.

"डावा कल्ला नीट काढ. मागच्या वेळी वर गेला होता."

रेडिओने गळ्याभोवती कापड बांधलं, फेस लावला, नवं पातं घातलं. बाकड्यावरचे पेपर खाली आले. गाल झाले. वस्तरा हनुवटीखाली आला तेव्हा बाबांचा गळा वर-खाली हलला, पुन्हा हलला. मिटलेल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

"आवंढा गिळू नका, बाबा," रेडिओ म्हणाला. "वस्तरा गळ्यावर आहे."