फाट्यावरचा बॅनर

माझी मुलगी बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायची. दोन वर्षांपूर्वी तिचा संघ पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये पोचला. साखळी सामने संपले की वरचे चार संघ उरतात, मग उपांत्य फेरी, मग अंतिम. उपांत्य फेरी एका सामन्यात संपत नाही, तीनपैकी दोन सामने जिंकावे लागतात. हे तिने मला फोनवर सांगितलं होतं. मुरबाड-शहापूर रस्त्यावर आमची पिठाची गिरणी आहे. ती तेव्हा चालू होती आणि मी नुसतं ‘हो हो’ करत होते.

पहिला सामना त्यांनी जिंकला. गिरणी बंद ठेवून आम्ही पंधरा-वीस जणांनी तो एका मोबाइलवर पाहिला. आम्हाला क्रिकेटची सवय, त्यामुळे पोरगी अंतिम फेरीत गेली याबद्दल कोणालाच शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धाकट्या दिरांनी फाट्यावर बॅनर लावला, ‘गावची कन्या अंतिम फेरीत’. फोटो मीच दिला होता. खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो, त्यात सगळ्यात मोठा दिरांचा, गॉगल लावलेला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बॅनरचा फोटो तिच्यापर्यंत पोचला होता.

“आई, अजून एक जिंकायचाय. तो बॅनर काढायला सांग.”

“एकच ना? मग जिंक,” मी म्हणाले.

दुसरा सामना त्या हरल्या. उडी मारून खाली येताना तिचा गुडघा मुरगळला. मी दिरांकडे गेले.

“भावोजी, बॅनर उतरवा.”

“वयनी, लावलेला बॅनर कोन उतरवतं? बाजूचं गाव हसंल. परवा जिकलच ती.”

“गुडघा सुजलाय तिचा.”

“मंग हलद लावाय सांगा.”

आमच्याकडे अभिनंदनाचा बॅनर उन्हाने विटून फाटेपर्यंत राहतो. आधी उतरवला, तर त्या घरात काहीतरी वाईट झालंय असंच लोक धरून चालतात. मी परत आले.

तिसऱ्या सामन्याच्या सकाळी तिने पुन्हा फोन केला. “फिजिओ खेळू नको म्हणतायत. कोच म्हणतात, तुझं तू ठरव. बॅनर आहे का अजून?”

“आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

खेळू नकोस, हे मला सुचलं नाही असं नाही. पण त्या फाट्यावर रोज जीपसाठी मला उभं राहायचं होतं.

ती खेळली. पहिल्याच काही मिनिटांत कोणाचा धक्काही न लागता खाली बसली आणि तिला उचलून बाहेर न्यावं लागलं. संघ हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोयता घेऊन फाट्यावर गेले आणि बॅनरच्या दोऱ्या तोडल्या. दीर धावत आले.

“आता कशाला, वयनी? फोटो चांगला आलाय.”

ऑपरेशन झालं. मुलगी आठ महिने घरी होती. त्यानंतर कोणत्याच संघाने तिला बोलावलं नाही. तिने मला कधी दोष दिला नाही. फक्त एकदा, गिरणीत खुर्चीवर पाय लांब करून बसली असताना म्हणाली, “तू एकदा नको म्हणाली असतीस, तर मी बाहेर बसले असते.”

गिरणी चालू होती, तरी मला नीट ऐकू आलं होतं.

“काय?” मी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली.