बेंजोचा डबा आणि सासूबाईंचा कान

जवळ ये गं भाचीबाई. लांबून वाचू नकोस, कागद असा डोळ्यांपाशी धर, म्हणजे मी शेजारी बसून बोलतेय असं वाटेल. तुला जरा रागवायचंय, आणि ते काम लांबून बराबर होत नाही. गिटार घेतलीस, चांगलं केलंस. पण तिच्यासाठी अँप्लीफायर घेताना आत्याला विचारावं असं काहून वाटलं नाही? फोटो पाहून मागवला म्हणे. आता ते कपाटाएवढं धूड खोलीत राहतं आणि तू गॅलरीत बसतेस. अगं, घरी वाजवायला आणि चार माणसांच्या कार्यक्रमाला न्यायला डबा कसा निवडावा, यावर मी दिवसभर बोलू शकते. माझं सगळं ज्ञान एकाच डब्याचं आहे, ही गोष्ट वेगळी.

तुझा बाप लग्नाआधी हिंगोलीत एका बँडमध्ये बेंजो वाजवायचा. तुझ्या आईनं त्याला हळदीच्या शेतात उतरवलं आणि तो बेंजो माझ्याकडं, हिंगोलीजवळच्या या गोरेगावला आला. बेंजो म्हणजे लांबट पेटी. वर टाईपरायटरसारखी बटनं, खाली तारा. डाव्या हातानं बटनं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. छेडायची नखी तुझ्या बापानं हरवली होती, म्हणून मी पावडरच्या डब्याचं झाकण कापून नवी केली. शिकवणारं कोणी नव्हतं. दुपारची भांडी झाली की ओसरीवर बसायचं आणि ऐकलेली गाणी बटनांवर शोधायची. बेंजोला मागं वायर होती, पण ती जोडायला मशीन नव्हतं. त्यामुळं आवाज किती, तर कणगीत उंदीर फिरावा तेवढा.

आणि सासूबाईंना ऐकू यायचं कमी. कमी म्हणजे भिंतीला भिंत लागून पिठाची गिरणी होती, ती चालू असताना त्या म्हणायच्या, आज गिरणी बंद दिसते. त्यांना माझी बोटं दिसायची, पण कानावर काही पडायचं नाही. त्यांनी आपल्या मनानं ठरवलं की सून टायपिंग शिकून राहिली. दोन वर्षं गल्लीभर सांगत होत्या की तहसीलात जागा निघाली की हिचं काम झालंच समजा. दोघीतिघी तर माझ्याकडं उत्पन्नाचा दाखला मागायला येऊन गेल्या. शेवटी आमच्या मालकांनी आपल्या आईच्या कानाशी ओरडून खरं काय ते सांगितलं, तर त्या माझ्यावरच बिघडल्या.

"वाजतंय तर मला काहून ऐकू येत न्हाई? हिला येतच नसंल."

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली असतील, तेव्हा कळमनुरीच्या माझ्या नणंदबाईंना नातू झाला. बारशात बायका पाळणे म्हणतील तेव्हा वहिनीनं बेंजो वाजवावा, असा त्यांचा निरोप आला. आयुष्यातला माझा पहिला कार्यक्रम! मी दिवसभर भाकरीसुद्धा तालात थापल्या. पण सासूबाईंनी अट घातली. आधी मी ऐकणार, मला पटलं तरच ती पेटी कळमनुरीला येणार, माझ्या लेकीच्या सासरी मला हसू करून घ्यायचं न्हाई. आता तूच सांग. ज्यांना गिरणी ऐकू येईना, त्यांना बेंजो ऐकवायचा, नाहीतर माझं वाजवणं बंद.

म्हणून अँप्लीफायर. बेंजो लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि आम्ही तिघं जीपनं हिंगोलीला गेलो. आपलं वाद्य सोबत न्यावं बघ, दुकानदाराच्या वाद्यावर सगळेच डबे गोड वाजतात. दुकान रेडिओ दुरुस्तीचं होतं. दुकानदारानं विचारलं, मैदान किती मोठं आहे. मी म्हटलं, ओसरी आहे. मालकांची नजर मात्र कर्ण्यावर होती. त्यांचं म्हणणं, घेतोच आहोत तर सेनगावपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

सासूबाईंना दारात खुर्ची दिली. दुकानदारानं सगळ्यात मोठ्या मशीनला बेंजो जोडला, आवाजाचा खटका पूर्ण फिरवला आणि मी एक बटन दाबून तार छेडली. एकच. समोर बांधलेल्या शेळ्यांपैकी दोन दोर तोडून गेल्या. शेजारचा शिंपी गळ्यात टेप घेऊन बाहेर आला आणि आभाळाकडं बघायला लागला. सासूबाई मालकांना म्हणाल्या, "लेका, त्याला मशीन चालू कर म्हण. कवरोक बसायचं?"

दुकानदारानं त्यांना लांबूनच हात जोडले.

मग मी त्यांच्या कानाचा नाद सोडला आणि माझ्या हिशेबानं निवडायला लागले. पदर खोचला, एकेक डबा उचलून रस्त्यापलीकडं नेला आणि परत आणला. ज्याच्यासोबत धाप लागली तो बाद. मग आवाज अगदी बारीक करून ऐकायचा, सूर गोड राहतो का, कारण घरात रोज तेवढ्यावरच वाजवायचं असतं. मग पूर्ण मोठा करायचा, फाटतो का ते बघायला. शेवटी वर मूठ असलेला, पोटातच स्पीकर असलेला, दोन खटक्यांचा एक ठेंगणा डबा राहिला. लाईट गेली तर बॅटरीवरही चालत होता, आणि लाईट तर जायचीच. जीपमध्ये त्याला वेगळी सीट लागली नाही. येताना मालक त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हते.

आमच्या घरची एक रीत आहे. नवीन वस्तू आली की तिला हळदकुंकू लावायचं आणि घरातल्या थोरल्या माणसानं आधी तिच्यावर बसायचं. बाज असो, बैलगाडी असो. सासूबाई तर शिलाई मशीनवरसुद्धा टेकून उठल्या होत्या. तशा त्या डब्यावर बसल्या, तोंड फुगवूनच. येताना वायर तुटली नाही ना, एवढं बघायला मी बेंजो जोडला आणि पाळण्याची चाल धरली.

सासूबाई ताडकन उठल्या. डब्याकडं वाकून पाहिलं. पुन्हा बसल्या.

"थांबू नको," म्हणाल्या. "कमरंतून वर चढून राहिलंय."

तोच पाळणा मी पाच वेळा वाजवला. मग निकाल आला की हिला येतंय, पण कडव्याच्या शेवटी अडखळती. आणि खरं सांगू, अडखळत होतेच मी.

बारशाच्या दिवशी कळमनुरीला दुपारी घर बायकांनी भरलेलं. पाळण्याशेजारी मी डबा ठेवला, स्पीकरच्या जाळीचं तोंड बायकांकडं केलं. सासूबाईंना खुर्ची दिली होती. त्या खुर्ची ओलांडून आल्या आणि डब्यावर बसल्या. नऊवारीचा सगळा घोळ जाळीवरून खाली आला, त्यावर दोन्ही पाय जाळीशी दाबून धरलेले. मी वाजवायला लागले. खटका पूर्ण फिरवला. बायकांच्या गाण्यात माझा एक सूर बाहेर येईना, नुसतं लुगडं थरथरत होतं.

नणंदबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "वहिनी, सुरू करा की आता."

"सुरूच आहे."

त्यांनी लुगड्याकडं पाहिलं. "थांबा, आईला उठवते."

उठवा म्हणणारच होते मी. पहिला कार्यक्रम होता गं माझा, नवं पातळ नेसले होते. पण सासूबाईंचे डोळे मिटलेले होते, टाच ताल धरत होती. कडव्याचा शेवट जवळ आला तसा त्यांनी हात जरासा वर केला, सायकल शिकणाऱ्याला मागून धरावं तसा. आणि मी पहिल्यांदा न अडखळता पार झाले.

"राहू द्या," मी म्हटलं.

पाळणा संपला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्यानं सासूबाई म्हणाल्या, "ऐकलं का गं बायांनो? माझी सून हाय ती."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. एक म्हणाली, व्हय, लई गोड. दुसरी म्हणाली, हात हलका आहे. घुगऱ्या वाटेपर्यंत पहिला पाळणा चांगला झाला की दुसरा, यावरून त्यांच्यात वाद लागला होता. पुढच्या महिन्यात मला दोन बारशांची बोलावणी आली. एकीनंही ऐकलं नव्हतं.

डबा अजून ओसरीवर आहे. सासूबाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता वाजवलं की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं, आणि कडव्याच्या शेवटी मी पुन्हा अडखळायला लागलेय. तू ते कपाट राहू दे तिकडंच, नुसती गिटार घेऊन ये. वायर बसते का बघू. पण आधी मी वाजवीन आणि तू डब्यावर बसायचं. हिंगोलीहून गोरेगावची जीप मिळते, पुढच्या सीटवर बस, मागं फार हादरे बसतात. लवकर ये गं.