तीन राण्या आणि डंड्याची सायकल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही — तिथवर आले की दुसऱ्याच कुणासाठी आशीर्वाद मागू लागते. तुम्हाला सांगणार आहे, पण आधी एक ऐकून ठेवा. पत्ते खेळले याची मला लाज नाही. तेव्हा नव्हती, आजही नाही. कुणाला कपाळाला आठ्या घालायच्या असतील तर खुशाल घालाव्यात.

भरवेलीच्या खाणीच्या दवाखान्यात मी नर्स होते. वडील नागपूरकडचे, गावोगाव शुभवर्तमान सांगत हिंडलेले. घरात पत्त्याचं पान दिसलं असतं तर त्यांनी ते चुलीत घातलं असतं. मला पोकर शिकवला डॉक्टरीणबाईंनी, दुपारी वॉर्ड निजलेला असताना. प्रत्येकाला पाच पानं, ती झाकून धरायची, आणि पैशाच्या जागी चिंचोके. नाताळानंतर खाणीच्या क्लबात या खेळाचे सामने व्हायचे. सगळ्यांना सारखे चिंचोके, ज्याचे संपले तो उठला, शेवटी उरेल त्याला बक्षीस. डॉक्टरीणबाईंनी हट्टानं माझं नाव घातलं आणि मी खेळू लागले. चांगली खेळायची मी, यात कसली विनयाची गोष्ट?

रविवारच्या शाळेत मुलांना मी तेच सांगायची. पानं वाटणारा दुसरा असतो, आलेली पानं मात्र आपल्याला खेळायची असतात. झाकलेल्या पानावर भरवसा ठेवून सगळं पुढे सारता येणं — विश्वास दुसरा काय असतो? आमच्या चर्चच्या पाळकांना हे मुळीच खपत नसे. ते म्हणत, देवाच्या घरात क्लबाची भाषा नको. मी म्हणायची, प्रभूनं आपल्या गोष्टींत जाळी आणि नांगर चालवून घेतले, मग पत्त्यांनी काय घोडं मारलंय? आजही मी हेच म्हणेन.

पण मला सांगायचंय ते हे नाही. मी टाळते आहे, कळतंय मला.

त्या वर्षी बक्षीस होतं सायकल. डंड्याची, नवी कोरी, क्लबाच्या दारात हार घालून उभी केलेली. शेवटी टेबलावर दोघंच उरलो — मी आणि मोतीराम. मोतीराम खाणीतला फिटर, नाल्यापलीकडच्या गावातून रोज पायी कामावर येणारा. तो माझ्यापेक्षाही चांगला खेळायचा. माझ्या हातात तीन राण्या आल्या. पोकर न खेळणाऱ्यांना एवढंच सांगते, तीन राण्या घेऊन माणूस सहसा पळत नाही. मोतीरामानं माझ्याकडे पाहिलं, आणि आपले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी मधोमध लोटले. आता मीही माझे लोटायचे, नाहीतर डाव सोडायचा.

मला घाम फुटला. मुलांना विश्वासाचे धडे देणारी मी — माझे चिंचोके माझ्यापुढेच राहिले. मी पानं उलटी टाकली, डाव सोडला. मग त्यानं आपली पानं उघडली, आणि त्यांत काहीच नव्हतं. एकमेकांची तोंडओळख नसलेली पाच पानं. सारा क्लब हसला. तो स्वतः हसला नाही, फक्त मान ताठ करून बसला. पुढच्याच डावात माझे उरलेसुरले चिंचोके गेले. हार घातलेली सायकल हातात धरून, तिच्यावर न बसता, तो घरी चालत गेला. गावानं ती आधी पाहावी म्हणून.

मला ते हसणं सोसलं नाही.

रविवारी पाळकांनी उपासनेत म्हटलं, कुणाला साक्ष द्यायची असेल तर उठावं. आमच्यात तशी रीत आहे. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. पाळकांची नजर माझ्यावरच होती. मी पत्ते सोडल्याचं कबूल करावं, अशी त्यांची अपेक्षा. मी उठले. आणि म्हणाले — माझ्या हातात तीन राण्या होत्या, शेजारच्या बाईनं पाहिल्या आहेत. पण समोरच्याचे अनवाणी पाय दिसले, आणि प्रभू म्हणाला, सोडून दे. मी सोडून दिलं.

काय सुंदर बोलले मी! पाळकांनी डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत साऱ्या कॉलनीत झालं की सायकल बाईनं दिली.

दुसऱ्या दिवशी मोतीराम दवाखान्याच्या पायरीशी सायकल घेऊन उभा होता.

"बाई, एक खरं सांगा. तुमी भ्यालत्या, का मुद्दामून सोडलं?"

एवढंच विचारलं त्यानं. त्याचा अख्खा डाव त्या एका उत्तरावर होता, आणि ते मला तेव्हाही पुरतं कळत होतं. आत वॉर्डातले लोक ऐकत होते.

"सोडलं, भाऊ," मी म्हणाले.

"हौ. मंग हे सायकल तुमचीच आहे. मले दान नाही पायजे."

सायकल पायरीला टेकवून तो गेला. मी ती परत पाठवली का? नाही. फ्रॉक सावरत डंड्याची सायकल चालवायला शिकले, आणि वर्षानुवर्षं चालवली. बाई सायकलवर, म्हणून लोक बघायचे आणि मी घंटी वाजवायची. वाटेत मोतीराम डबा घेऊन पायी येताना दिसे. तो बाजूला होई, "नमस्ते बाई" म्हणे. मीही नमस्ते म्हणे.

पुढच्या नाताळानंतरच्या सामन्यांत त्याची खुर्ची रिकामी राहिली. डॉक्टरीणबाईंनी बोलावणं धाडलं, तर निरोप आला — "जिथं जिंकणं बी आपलं नाही, तिथं काहून बसू?" तो पुन्हा कधीच खेळला नाही. मी खेळले. एक वर्ष जिंकलेसुद्धा.

माझी साक्ष तोवर दूरवर गेली होती. बिरसा गावाकडच्या एका चर्चच्या मंडळीनं मला ती सांगायला मुद्दाम बोलावलं. मी गेले, आणि तिथे त्या अनवाणी पायांना भेगाही घातल्या.

मागल्या उन्हाळ्यात मोतीराम वारला. मी मयतीला गेले. त्याच्या मुलानं मला ओळखलं, हात जोडले. म्हणाला, "तुमची लय गोष्ट करे बाबा. मनातून वाटे त्याले, का डाव त्यानंच जिंकला. पण मने, बाई खोटं नाही बोलत."

पाळकांना अजून वाटतं, माझं पाप म्हणजे पत्ते. वाटू दे. माफीही मला नको. ज्यानं ती द्यायची त्याच्याकडे मी ती कधी मागितलीच नाही. उत्तर मात्र त्यानं मागितलं होतं, त्या पायरीशी, ते इथे देते.

भ्याले होते, मोतीरामभाऊ. तुम्ही जिंकला होतात.