तीन ठिपके आणि खाली रेघ

मायला नाही, बरोबर शिकणाऱ्या एकाही मित्राला नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे. कसं सांगायचं ते मात्र अजून ठरत नाही. तीनदा कागद घेतला आणि तीनदा सुरुवात वडिलांपासूनच झाली, कारण त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात अडखळत नाही. आताही तिथूनच करतो. चालेल ना?

माझे वडील परीट. वाशीमला आमची एक टपरी आहे, कोळशाची इस्त्री आहे, मागे वाळत घालायच्या दोऱ्या. बाबांना अक्षर येत नाही. पण शंभर-सव्वाशे घरांच्या खुणा त्यांना तोंडपाठ आहेत — होत्या. कॉलरच्या आतल्या पट्टीवर दाभणाच्या टोकानं बिब्ब्याचं तेल लावायचं, वर चुन्याचं बोट. काळा ठिपका उमटतो. कापड विरून जाईल, ठिपका जाणार नाही. कुणाची फुली, कुणाचे दोन ठिपके, कुणाच्या दोन रेघा. बिबा उतून उतून बाबांच्या बोटांची कातडी जाड झाली आहे. ते म्हणायचे, "मानूस खोटं बोलते, खूण नाई बोलत."

आणि त्यांचा एक नेम होता. गिऱ्हाइकाचं कापड आपल्या अंगाला लावायचं नाही. थंडीत कुडकुडलो तरी नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उचलण्यासारखंच ते, असं त्यांचं मत.

सुखदेव आमचं गिऱ्हाईक. मी ज्या शाळेत शिकलो तिथला शिपाई. त्याच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला होता, आणि घरात पगारी नोकरी करणारा सुखदेव पहिलाच, जसा आमच्यात कॉलेजात जाणारा मी पहिला. त्याचे कपडे आम्ही धुतो म्हणून दोन-तीन गिऱ्हाइकांनी कुरकुर केली होती. बाबांनी त्यांचेच कपडे परत नेऊन दिले. सुखदेव मला बालिस्टर म्हणायचा. मी मॅट्रिक झालो तेव्हा टपरीसमोर उभा राहून म्हणाला, "काका, आता या पोट्ट्याच्या हातून कपडे नोका पाठवू. बालिस्टराच्या हातून धुणं घ्याची लाज वाटते मले."

कपडे घरोघर पोचवायचं काम माझं होतं. हे लक्षात ठेवा.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. त्या हिवाळ्यात अनसिंगच्या बाजारातून सायकलीवर परतणाऱ्या एका कापडवाल्याला तिन्हीसांजेला रस्त्यात कोणीतरी अडवलं, मारलं, लुटलं. त्याचा एक डोळा गेला. मारणाऱ्यानं तोंडाला फडकं बांधलेलं, त्यामुळे चेहरा दिसला नाही. पण झटापटीत कापडवाल्यानं त्याच्या मानेला ओरबाडलं आणि कॉलर धरली, ती सोडली नाही. शुद्ध आली तेव्हा कॉलर त्याच्या मुठीतच होती. फिकट निळ्या टेरिकॉटची. आतून रक्त लागलेली. आणि पट्टीवर तीन ठिपके, खाली रेघ.

पोलीस एकेका परटाकडे ती कॉलर दाखवत फिरले. आमच्या टपरीवर यायला त्यांना बारा दिवस लागले. बाबांनी ती उलटून पाहिली आणि सांगून टाकलं — सुखदेवची. खरं तेच सांगितलं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

सुखदेव म्हणाला, शर्ट माझाच आहे, पण तो धुवायला टाकला होता, परत आलाच नाही. परटाच्या पोराला आपण विचारलंही होतं, असंही तो म्हणाला. ठाण्यात सगळे हसले. "चोराचा शर्ट हमेशा परटाकडंच असते काय रे?" कोणीतरी म्हणालं. त्याच्या मानेवर ओरखडा नव्हता. पण बारा दिवसांत काय राहतं? मग त्यांनी मला बोलावलं. शर्ट पोचवला होता का? मी म्हणालो, हो. यानं तुला विचारलं होतं का? मी म्हणालो, नाही.

दोन्ही खोटं.

ते मी इतक्या झटकन कसं बोललो, मला अजून समजत नाही. बोललो तेव्हा आवाजही हलला नाही.

झालं होतं ते असं. त्या हल्ल्याच्या आठवडाभर आधी आमच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. सकाळी मला भाषण करायचं होतं. माझ्याकडे दोनच सदरे, दोन्ही कोपरावर शिवलेले. सुखदेवचा निळा शर्ट इस्त्री होऊन घडीवर पडला होता. त्यानं तो भावाच्या लग्नासाठी शिवून घेतलेला. मी तो घातला. पहिल्यांदाच घातला असंही नाही. त्याआधीही कधी याचा, कधी त्याचा, संध्याकाळी धुऊन पुन्हा घडीवर ठेवून द्यायचो. भाषणाला टाळ्या पडल्या. त्या मला पडल्या की शर्टाला? दुपारी कबड्डी खेळायला उतरलो तेव्हा शर्ट काढून खिडकीच्या गजाला अडकवला. परत आलो तर गज रिकामा. मित्राचा टॉवेल पांघरून घरी गेलो.

दोन दिवसांनी सुखदेव रस्त्यात भेटला. "बालिस्टर, माहा निळा शर्ट कुठी हाय बे? का तूच घालून राह्यला?" तो थट्टेनं म्हणाला. मी म्हणालो, इस्त्रीत आहे, उद्या देतो. बाबांना सांगितलं होतं की पोचवला.

मग मी नेमकं कशाला भ्यायलो? बाबांचा नेम मोडला म्हणून? की शर्ट माझ्या अंगात होता म्हटल्यावर चोर मीच ठरेन म्हणून? मी रोज वेगळं उत्तर देतो. आणि माझ्या शब्दावर पोलिसांचा इतक्या लवकर विश्वास का बसला, हा विचार तर फार उशिरा आला. सुखदेवची वस्ती त्यांनी दोनदा धुंडाळली होती. कॉलर कुणाची ते कळायच्याही आधी.

खटला अकोल्याला चालला. कोर्टात जायचं म्हणून बाबांनी मला नवा शर्ट शिवला. माझ्या मापाचा माझा पहिला शर्ट. तो घालून मी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, कॉलेजात शिकता? छान. मग शर्टाचं विचारलं. सुखदेव पिंजऱ्यात उभा होता. शाळेत माझा पाढा अडला की तो घंटेजवळून दारातून बघायचा, आठवेल, आठवेल, असं. तसाच बघत होता.

मी म्हणालो, हो, पोचवला होता.

त्याला पाच वर्षांची सजा झाली.

त्याची बायको, सुभद्रावहिनी, एकदा आमच्या घरी आली. नवऱ्याची नोकरी गेल्यावर ती रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मायनं चहा दिला, तो तिनं तसाच ठेवला. मला म्हणाली, "तू शिकेल हायेस बावा. एकडाव आठोन पाय. म्या पेटी पालथी घातली, गोदड्या झटकल्या. शर्ट घरात आलाच नाई." माझ्या मांडीवर पुस्तक होतं. मी त्यातून मान वर न काढता म्हटलं, वहिनी, मी दिला होता. ती उठली. जाताना मायला म्हणाली, चांगला अभ्यास करते पोरगा.

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतरही कितीतरी वेळा आलं असतं. मी परीक्षा देत राहिलो.

दोन वर्षांवर काही महिने गेले आणि नागपूरच्या हायकोर्टानं सुखदेवला सोडलं. कसं, ते मला नंतर कळलं. कॉलरवरच्या रक्ताचा तपासणी अहवाल पहिल्यापासून कागदांत होता. त्या रक्ताचा गट कापडवाल्याच्या रक्ताशी जुळत नव्हता. म्हणजे रक्त मारणाऱ्याच्या मानेचं. पण सुखदेवचा गट कोणता, हे कोणी विचारलंच नव्हतं. तुरुंगाच्या दवाखान्यात तो आजारी असताना त्याचं रक्त तपासलं गेलं, आणि गरिबांसाठी नेमलेल्या एका वकिलानं हे दोन कागद शेजारी ठेवले. गट वेगळा. पुढं आणखी एका तपासणीनं ते नक्की झालं, आणि तो सुटला.

मला आनंद झाला का? झाला असावा. मला नीट आठवत नाही. मी लोकांच्या माना बघत चालायला लागलो होतो, कुठे जुना ओरखडा दिसतो का. तो शर्ट कुणी नेला, हे मला आजही ठाऊक नाही.

आणि आता जे सांगणार आहे, त्यासाठी खरं तर हा कागद घेतला होता.

सुखदेव सुटल्याचं कळलं त्या दिवशी बाबा इस्त्री बाजूला ठेवून बसले. मग म्हणाले, "दिगू, तू शर्ट देल्ला होता ना रे त्याले?"

तिथं ना पोलीस होते, ना कोर्ट. सुखदेव सुटला होता. फक्त माझा बाप समोर होता. मी म्हणालो, हो.

त्यांनी मान डोलावली. "मंग शर्ट त्याच्या घरीच होता. अन् त्यानं तर मारलं नाई. म्हंजे ते कॉलर दुसऱ्याची. त्यानंबी माही खूण पाहूनच आपली म्हनली. म्हंजे खूण म्याच चुकवली." बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "माह्या हातानं गेला गडी आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन सुखदेवच्या घरी गेले आणि त्याच्या पाया पडायला वाकले. केस पिकलेला सुखदेव घाईनं मागं सरला. "काका, काय करून राह्यले! उठा. तुमची खूण कदी चुकत नाई." बाबांना वाटलं, तो मन राखायला बोलतो आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बालिस्टर म्हणाला नाही.

घरी येऊन बाबांनी बिब्ब्यांची पिशवी उकिरड्यावर टाकली. तेव्हापासून ते खूण करत नाहीत. म्हणतात, तुले अक्षर येते, तूच नावं लिही. मी कॉलरवर शाईनं नावं लिहितो. दोन-तीन धुण्यांत ती पुसट होतात, मग पुन्हा लिहावी लागतात.

परवा सुखदेवचे कपडे आले. सुभद्रावहिनीनं आणून ठेवले. मी नाव लिहीत होतो, तर बाबा वाकून बघत होते, वाचता येत नसताना. "बराबर लिहेल हाय ना रे? पाय बापा. नाईतर पुन्हा माह्यासारखं होईन."

त्यांची खूण बरोबर होती. ती कॉलर सुखदेवच्याच शर्टाची होती. तो शर्ट मी घातला होता, आणि परत दिला नव्हता.