ग्रॅनाइटचा कट्टा

नोएडातल्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये मिरवण्यासारख्या दोनच वस्तू होत्या. एक लालसर ग्रॅनाइटचा ओटा आणि दुसरी मी. ओटा निदान गप्प बसायचा.

मी तेव्हा दिल्लीत एका ॲक्सिलरेटरवर नोकरीला होते. कण भयंकर वेगाने पळवून कशावर तरी आदळवायचे, असं ते यंत्र. ते बंद झालं की त्या दालनात पहिली मी शिरायचे, हातात किरणोत्सार मोजायचा मीटर घेऊन. मी मान हलवेपर्यंत जवळच्या मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोल्यांतून आलेली पीएचडीची पोरं दाराशी ताटकळत उभी. त्यांना मी एकच मंत्र घोकायला लावायचे: ज्या वस्तूचा संशय आहे ती आधी हलवा, रिकाम्या जागेचं माप घ्या, मगच वस्तूला दोष द्या. पोरं पाठीमागे माझी नक्कल करायची म्हणे. करणारच. मला स्वतःलाच आता करावीशी वाटते.

त्या हिवाळ्यात सासूबाई मिरजेहून आल्या, नातीच्या पहिल्या बोरन्हाणासाठी. हलव्याचे दागिने त्यांनी स्वतः केले होते. शेगडीवरच्या परातीत तीळ हलवत, वर पाकाचे थेंब सोडत बसायचं, बोटं पोळून निघायची. मुकुट, हार, इवल्या बांगड्या, सगळं बुटांच्या खोक्यात भरून गाडीत मांडीवर धरून आणलेलं.

पण प्रवासात त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन सांगितला. त्यासाठी शिरेतून किरणोत्सारी औषध देतात. डॉक्टर म्हणाले, "आज-उद्या बाळाला जवळ घेऊ नका. परवापासून खुशाल घ्या." बोरन्हाण त्या परवालाच होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांची परतीची गाडी.

कोणतीही शहाणी बाई इथे थांबली असती. मी ऑफिसातून गेट पास करून मीटर घरी आणला.

सासूबाईंच्या खोलीत ओट्याच्या उरलेल्या फरशीचा आम्ही खिडकीत कट्टा करून घेतला होता. दिल्लीकडचं दुपारचं ऊन खात त्या दिवसभर तिथे बसायच्या. बोरन्हाणाच्या दिवशी मी आधी हॉलमध्ये मीटर लावला. अगदी शांत. मग कट्ट्यावर बसलेल्या सासूबाईंच्या कमरेपाशी धरला. काटा वर चढला, टिकटिक वाढली.

"वाजतेय का गं मी?" त्यांनी विचारलं.

"थोड्या वाजताय, आई."

"अगं, पण डॉक्टर म्हणाले ना आता काही नाही?" नवरा मधे पडला.

"डॉक्टर अंदाजाने सांगतात. मी मोजून सांगते. आई आज खोलीतच थांबतील."

केवढा तो ताठा!

सासूबाईंनी वाद घातला नाही. फक्त खोकं माझ्या हातात दिलं. "मुकुट पाठीमागून बांध हो. दोरा कच्चा आहे. आणि बांगडी तोंडात घालेल, लक्ष ठेव."

सोसायटीतली पोरं जमली. शेजारची पंजाबी मैत्रीण पाटावर बसलेल्या लेकीकडे बघून हरखली. "हाय, कितनी प्यारी! और दादीजी कहाँ हैं? उन्हें तो बुलाओ ना!"

"उनकी कमर में दर्द है," मी म्हटलं. खोटं नव्हतं, म्हणून जास्तच वाईट.

लेकीच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, गोळ्या मी ओतल्या. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात मीटर, कारण सासूबाई मधेच उठून दारापर्यंत आल्या तर? त्या आल्या नाहीत. उघड्या दारातून, कट्ट्यावर बसूनच टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी नवरा त्यांना गाडीत बसवायला गेला. मला मीटर परत करायचा होता. तो कट्ट्यावर पडला होता. बॅटरी बघावी म्हणून चालू केला तर टिकटिक, कालच्याइतकीच. खोलीत कोणी नव्हतं. मी पळत स्वयंपाकघरात गेले, ओट्याला मीटर लावला. तोही वाजला. ग्रॅनाइटमध्ये जन्मापासूनच थोडा किरणोत्सार असतो. तसा निरुपद्रवी, पण मीटरला कळतो. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं.

"आई, जरा उठून इकडे या." एवढंच म्हणायचं होतं. जो मंत्र पोरांकडून घोकून घेत होते, त्यातली पहिली ओळ. वस्तू आधी हलवा. वस्तूला हलवायचं सुचतं. सासूला उठवून खात्री करावी, हे काही सुचलं नाही. मला संशय आला होता आणि तो मला पुरेसा वाटला होता.

त्या पोचल्या तशी मी मिरजेला फोन लावला. "आई, तुम्ही वाजत नव्हता. कट्टा वाजत होता. चूक माझी."

पलीकडून हसू. "अगो बाई! मग कट्ट्याला कोंडायचंस की खोलीत. मी आले असते बाहेर."

मला हसता येईना. त्यांनीच विषय बदलला. "बरं, ते राहू दे. मला दारातून नीट दिसलं नाही. बोरं डोक्यावर पडली तेव्हा रडली का हसली गं ती?"

मला माहीतच नव्हतं. त्या वेळी मी काट्याकडे बघत होते.